'पर्सेपोलिस': वर्गात वाचलेलं आणि वगळलेलं

२०२२ चा ऑक्टोबर. हिजाबच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाचा निकाल नुकताच आला होता. न्यायमूर्ती दोन आणि मतंही दोन, त्यामुळे कर्नाटकातल्या मुली होत्या तिथेच राहिल्या. त्याच्या महिनाभर आधी तेहरानमध्ये महसा अमिनी ही २२ वर्षांची मुलगी गेली होती. डोक्यावरचा रुमाल नीट नाही म्हणून तिथल्या 'नैतिक पोलिसांनी' तिला पकडलं होतं. टीव्हीच्या एका चौकटीत रुमाल बांधू द्या म्हणणाऱ्या मुली दिसायच्या आणि दुसऱ्या चौकटीत तोच रुमाल जाळणाऱ्या. मी शाळेत इतिहास शिकवतो. स्टाफरूममध्ये सहकारी विचारायचे, "सर, तुमचं यावर काय म्हणणं?" हा 'तुमचं' एकट्या माणसासाठी नसतो, हे आपल्यापैकी प्रत्येकाला माहीत आहे.

त्याच आठवड्यात न्यू जर्सीहून धाकट्या बहिणीचा फोन आला.

"भाईजान, हिच्या इंग्रजीच्या तासाला इराणचं कसलंतरी चित्रांचं पुस्तक लावलंय. पहिल्याच पानावर डोकं झाकलेल्या मुली. बाईंनी ते पान मोठ्या पडद्यावर दाखवलं आणि अख्खा वर्ग हिच्याकडे वळून बघायला लागला. वर बाईंनी हिलाच विचारलं, तुला काय वाटतं म्हणून. आता ही काय सांगणार? हिनं सोलापूर धड बघितलेलं नाही, इराण कुठलं बघणार!"

भाची तेव्हा दहावीत होती. आठवीपासून ती स्कार्फ बांधते, स्वतःच्या मर्जीनं. माझी बहीण बांधत नाही. घरात त्यावरून कधी वाद झालेला मला आठवत नाही.

मी लगेच उपाय सांगितला. इतिहासाच्या मास्तरकडे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तयार असतं, तसं माझ्याकडेही होतं. अमेरिकेला इराण बदनाम करायचाच असतो, त्यासाठी अशी पुस्तकं मुलांच्या माथी मारतात, तू बाईंना मेल लिही आणि हिच्यासाठी दुसरं पुस्तक मागून घे, असं मी बहिणीला म्हणालो. तिकडे पालकांना तशी विनंती करता येते. बहीण 'बरं' म्हणाली. तेवढ्यात भाचीनं फोन हातात घेतला. "मामू, तुम्ही वाचलंय का ते?"

मी वाचलेलं नव्हतं. पुस्तकाचं नावही मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं होतं.

माझ्या त्या उत्तरामागे एक फोटोही होता, हे मला नंतर लक्षात आलं. आमच्या घरी अब्बांच्या कपाटात, पुस्तकांच्या मागे, आयतुल्ला खोमेनींचा वर्तमानपत्रातून कापलेला फोटो होता. आम्ही सुन्नी. अब्बांना शिया पंथाबद्दल फारसं काही ठाऊक नव्हतं. पण अमेरिकेच्या जिवावर बसलेल्या एका बादशहाला रस्त्यावरच्या माणसांनी पळवून लावलं, याचा त्यांना फार अभिमान होता. तो अभिमान वारशात माझ्याकडे आला, आणि वारशातल्या बऱ्याच वस्तूंसारखा मी तो कधी उलटून पाहिला नाही.

पुस्तक मागवलं. 'पर्सेपोलिस', लेखिका आणि चित्रकार मारजान सत्रापी. मूळ फ्रेंचमध्ये २००० ते २००३ या काळात चार भागांत आलं, इंग्रजीत २००३ आणि २००४ मध्ये. स्वतःच्या लहानपणाची आणि तरुणपणाची गोष्ट तिनं चित्रांच्या चौकटींतून सांगितली आहे. इंग्रजीत याला ग्राफिक मेमॉयर म्हणतात, आपण चित्रमय आत्मकथन म्हणू. नुसता काळा आणि नुसता पांढरा रंग, मधली करडी छटा नाही. दोन चौकटींच्या मधल्या रिकाम्या जागेला इंग्रजीत 'गटर' म्हणतात, हे मला भाचीनं शिकवलं. त्यांच्या वर्गात त्यावर वेगळी तासिका झाली होती. एका चौकटीत माणूस जिवंत आहे आणि पुढच्या चौकटीत नाही, मधे काय घडलं ते वाचणाऱ्यानं स्वतः भरायचं, असं काहीतरी. सोलापूरच्या माणसाला 'गटर' म्हटल्यावर वेगळंच काही आठवतं, पण मुद्दा पटला.

सत्रापी हे आडनाव ऐकलं की आपल्याला 'क्षत्रप' आठवल्याशिवाय राहत नाही. प्राचीन इराणच्या प्रांताधिकाऱ्याचा हा शब्द. नाशिक-जुन्नरकडे राज्य करणारा नहपान क्षत्रपच होता, आणि आपली वर्तमानपत्रं आजही साखर कारखान्यांच्या पुढाऱ्यांना याच शब्दानं गौरवतात. मारजानचा जन्म १९६९ चा, गाव रश्त, प्रांत गिलान. हे वाचताना मी थबकलो. बहमनी सल्तनतीचा वजीर महमूद गवान याच गिलानहून दख्खनला आला होता. बीदरचा त्याचा मदरसा सोलापूरहून काही तासांवर आहे, आणि दरवर्षी मी मुलांची सहल तिथे नेतो. त्या मीनाराच्या निळ्या फरशा दाखवताना 'हे कारागीर इराणकडचे' असं मी वीस वर्षं सांगत आलो होतो. इराण माझ्यासाठी फरशांपाशी थांबला होता आणि तिथून एकदम १९७९ सालावर उडी मारत होता. मधली पाचशे वर्षं गटरमध्ये!

आता ते पहिलं पान. साल १९८०. दहा वर्षांची मारजान आणि तिच्या वर्गमैत्रिणी डोकी झाकून एका ओळीत बसल्या आहेत. शाळेत रुमाल सक्तीचा झालाय आणि मुलींना तो का, ते कळलेलं नाही. मधल्या सुट्टीत त्या रुमालांशी खेळतात, त्यांची दोरी करतात. वर्गात हे पान पडद्यावर लावलं की एकच वाक्य तयार होतं: इस्लामी क्रांती आली आणि बायकांची डोकी झाकली गेली. ते वाक्य खोटं नाही. मार्च १९७९ मध्ये, क्रांती होऊन महिनाही झाला नव्हता तेव्हा, सरकारी कचेऱ्यांत काम करणाऱ्या बायकांनी हिजाब घालावा असं खोमेनींनी सांगितलं आणि दुसऱ्याच दिवशी, ८ मार्चला, तेहरानच्या रस्त्यांवर हजारो बायका उतरल्या. त्यातल्या पुष्कळजणी शाहच्या विरोधातल्या मोर्चांतही होत्या. पुढे १९८३ साली डोकं उघडं ठेवणाऱ्या बाईला ७४ फटक्यांची शिक्षा कायद्यात आली.

पण त्याच्या आधीचं एक साल पहिल्या पानावर नाही. जानेवारी १९३६ मध्ये शेवटच्या शाहचा बाप रझाशाह पहलवी यानं फर्मान काढून बायकांचे पडदे उतरवले. पोलीस रस्त्यात बायकांच्या डोक्यावरची चादर ओढून काढत. कितीतरी बायका घराबाहेर पडायच्या बंद झाल्या. त्या काळी इराणच्या घरांत न्हाणीघरं सहसा नसत, सार्वजनिक हमामला जावं लागे, त्यामुळे अंघोळीला जाणंही अवघड झालं. म्हणजे ४७ वर्षांत एका सरकारनं काठीनं डोकं उघडायला लावलं आणि दुसऱ्यानं काठीनं झाकायला. १९३६ साली विशीत असलेली बाई १९८३ साली सत्तरीकडे झुकलेली असणार. दोन्ही वेळी तिला कुणी विचारलं नाही.

स्वतः सत्रापीला हे पुरतं ठाऊक आहे, आणि हे तिच्या पहिल्या पानाचा झेंडा करणाऱ्यांना बहुतेक वेळा ठाऊक नसतं. २००३ च्या डिसेंबरात फ्रान्समध्ये शाळेतल्या मुलींना स्कार्फबंदी करायची चर्चा जोरात होती. तेव्हा ती पॅरिसमध्ये राहत होती, पुस्तकानं नाव झालं होतं, बंदीच्या बाजूनं तिच्यासारखा साक्षीदार दुसरा मिळाला नसता. तिनं ब्रिटनच्या 'गार्डियन'मध्ये लेख लिहिला आणि बंदीला विरोध केला. सक्तीनं डोकं झाकायला लावणं काय असतं ते मी भोगलंय, म्हणूनच सक्तीनं उघडायला लावणंही मला मान्य नाही, असा त्याचा आशय. कायदा मात्र मार्च २००४ मध्ये झालाच. उडुपीच्या मुलींच्या खटल्यावर आपल्याकडे महिनोन्‌महिने चर्चा झाल्या, इराणचं नाव रोज निघालं, पण या लेखाचा उल्लेख माझ्या तरी ऐकण्यात आला नाही.

पुस्तकाच्या पुढच्या भागात एक प्रकरण आहे. क्रांतीनंतर शाहच्या तुरुंगातून राजकीय कैदी सुटतात. मारजानच्या आईवडलांचे दोन मित्र, सियामक आणि मोहसिन, घरी येतात. दोघंही डाव्या विचारांचे. मोठी माणसं मुलीला बाहेर पाठवायचं विसरतात आणि ते दोघं आत काय झालं ते सांगू लागतात. चाबूक, सिगारेटचे चटके, पाठीवर ठेवलेली तापलेली इस्त्री. मारजान कोपऱ्यातून ऐकते आणि नंतर घरातल्या इस्त्रीकडे बघत राहते, या वस्तूनं असंही करता येतं हे तिला ठाऊकच नव्हतं. एका कैद्याचे तुकडे केल्याचं ते सांगतात. त्या माणसाचं चित्र लहान मुलीच्या कल्पनेतलं आहे, एखाद्या बाहुलीचे सांधे सुटे करावेत तसं, रक्ताचा थेंब नाही. मला ते फोटोपेक्षा जास्त झोंबलं. छळ करणाऱ्यांना सीआयएच्या माणसांनी शिकवलं होतं, असंही ते दोघं सांगतात.

ही नुसती कैद्यांची कहाणी नव्हती. १९५१ मध्ये पंतप्रधान मोहम्मद मुसद्दिक यांनी इराणचं तेल राष्ट्राच्या मालकीचं केलं. ते तोवर ब्रिटिश कंपनीच्या ताब्यात होतं. १९ ऑगस्ट १९५३ ला अमेरिका आणि ब्रिटन यांच्या गुप्तहेर संस्थांनी मिळून मुसद्दिकांचं सरकार उलथवलं आणि शाह मोहम्मद रझाला पक्का केला. १९५७ मध्ये सीआयएच्या मदतीनं 'सावाक' ही गुप्त पोलीस संघटना उभी राहिली. शाहनं ऑक्टोबर १९७१ मध्ये इराणी बादशाहीच्या २५०० वर्षांचा जो जलसा केला, तो जुन्या राजधानीच्या अवशेषांजवळ, म्हणजे पर्सेपोलिसलाच. जगभरचे राजे-राष्ट्रप्रमुख तंबूंत उतरले, जेवण पॅरिसहून आलं. पुस्तकाचं नाव तिथलं आहे, आणि तुरुंग त्याच वर्षांतले.

आता शिकागोकडे येतो, कारण या प्रकरणाचा पुढचा इतिहास तिथे घडला.

मार्च २०१३. शिकागोच्या सरकारी शाळांमध्ये 'पर्सेपोलिस' सातवीच्या वाचनात होतं. १४ मार्चला लेन टेक या मोठ्या हायस्कुलात वरून निरोप आला की पुस्तकाच्या प्रती वर्गांतून आणि ग्रंथालयातून काढा. कारण दिलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी शाळेबाहेर विद्यार्थी निदर्शनाला उभे राहिले. शिक्षकांच्या संघटनेनं टोमणा मारला की या पुस्तकावर इराणात बंदी आहे एवढंच आम्ही ऐकून होतो. मग शिक्षण विभागाच्या मुख्य अधिकारी बार्बरा बर्ड-बेनेट यांचं पत्र आलं. ग्रंथालयातून काढायला आम्ही सांगितलेलं नाही, सातवीच्या वर्गाला मात्र हे योग्य नाही, आठवी ते दहावीबद्दल विचार करू, अकरावी-बारावीला चालेल. आक्षेप होता तो भाषेला आणि छळाच्या चित्रांना. इंग्रजीत 'ग्राफिक' या एकाच शब्दाचे दोन अर्थ होतात, चित्रातलं आणि अंगावर येणारं. पत्रात दुसरा अर्थ होता.

ग्रंथालय आणि वर्ग असा फरक करण्यामागे कायदा आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या एका शिक्षण मंडळानं ग्रंथालयातली काही पुस्तकं काढली म्हणून विद्यार्थी कोर्टात गेले होते. १९८२ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात निकाल विद्यार्थ्यांच्या बाजूनं लागला. केवळ विचार आवडत नाहीत म्हणून शाळेच्या ग्रंथालयातून पुस्तक काढता येत नाही, असं मुख्य निकालपत्रात म्हटलं होतं. अभ्यासक्रमात काय शिकवायचं ते मात्र मंडळांच्याच हातात राहिलं. म्हणून पुस्तक कपाटात राहू द्यायचं आणि तासाला उघडायचं नाही, ही वाट मोकळी राहिली.

मी मास्तर आहे, त्यामुळे बर्ड-बेनेट बाईंची अडचण मला अगदीच कळत नाही असं नाही. बारा वर्षांच्या मुलासमोर छळाचं चित्र ठेवायचं तर शिक्षकाची तयारी लागते. सत्रापीचं म्हणणं होतं की छळाची ती एकच चौकट आहे, आणि या वयाची मुलं सिनेमात आणि इंटरनेटवर याहून कितीतरी भयंकर बघतात. तेही खरं. पण मला त्या वादात वेगळीच गोष्ट दिसली. 'पर्सेपोलिस'वर जगभर आक्षेप आले ते बहुतेक धर्मावरून. शिकागोत अडलं ते पान सावाकचं होतं, म्हणजे ज्या पानावर अमेरिकेचंही नाव आहे ते. डोकी झाकलेल्या मुलींचं पान कुणाला जड गेलं नाही. हे त्या अधिकाऱ्यांनी मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही. त्या पानावर अमेरिका आहे हे त्यांच्या लक्षातही आलं नसावं, आणि मला त्याचंच जास्त वाटतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, मुसद्दिकांच्या पाडावाला साठ वर्षं पुरी झाली त्या दिवशी, सीआयएची जुनी कागदपत्रं प्रसिद्ध झाली आणि १९५३ चा कट आपला होता हे त्या संस्थेच्या स्वतःच्या कागदावर आलं. सातवीच्या वर्गातून पुस्तक जाऊन पाच महिने झाले होते.

आणखी एक हिशेब आहे, तो शिकागोचा घरचा. तिथला पोलीस अधिकारी जॉन बर्ज आणि त्याच्या हाताखालच्या लोकांनी १९७२ ते १९९१ या काळात शंभराहून जास्त माणसांचा, जवळजवळ सगळ्या काळ्यांचा, कबुलीजबाबासाठी छळ केला. विजेचे झटके, डोक्यावर पिशवी घालून श्वास कोंडणं. म्हणजे सियामक आणि मोहसिन तेहरानच्या तुरुंगात होते, त्याच वर्षांत शिकागोच्या पोलीस ठाण्यातही तेच चाललं होतं. बर्जला १९९३ मध्ये नोकरीतून काढलं. छळाबद्दल त्याच्यावर खटला चालवायची मुदत टळून गेली होती, म्हणून २०१० मध्ये शपथेवर खोटं बोलल्याबद्दल दोषी ठरवलं आणि साडेचार वर्षांची शिक्षा झाली. पीडितांनी आणि त्यांच्या आयांनी कित्येक वर्षं झगडून मे २०१५ मध्ये शहराकडून ठराव करून घेतला: जाहीर माफी, ५५ लाख डॉलरची भरपाई, आणि एक अट अशी की हा सगळा प्रकार शिकागोच्या सरकारी शाळांत आठवीला आणि दहावीला इतिहासात शिकवायचा. २०१७ पासून तो शिकवायला सुरुवात झाली.

सातवीच्या मुलांना कागदावरची इस्त्री झेपणार नाही म्हणणारं शिक्षण खातं तेच. आठवीच्या मुलांना आपल्याच शहरातल्या विजेच्या झटक्यांविषयी सांगायची जबाबदारी त्याच्यावर आली. ही अट पीडितांनी घातली होती, हे मला महत्त्वाचं वाटतं. पैशाबरोबर त्यांनी एक तास मागितला.

पुढच्याच वर्षी, म्हणजे २०१४ मध्ये, इलिनॉय राज्यातल्याच एका गावच्या हायस्कुलात एका पालकानं हरकत घेतली, त्यात ११ सप्टेंबरच्या सुमारास मुलांना मुसलमानांबद्दलचं पुस्तक कशाला, असाही प्रश्न होता. शिक्षण मंडळानं पुस्तक ठेवलं. त्या साली अमेरिकन ग्रंथालय संघटनेच्या सर्वाधिक हरकती आलेल्या पुस्तकांच्या यादीत 'पर्सेपोलिस' दुसऱ्या क्रमांकावर होतं. म्हणजे आम्ही ज्याला मुसलमानांविरुद्धचं पुस्तक समजतो, त्याला तिथला एक माणूस मुसलमानांचं पुस्तक म्हणून हाकलतोय. हे वाचून मी एकटाच हसलो.

दुसऱ्या बाजूलाही तेच. २००७ मध्ये यावरचा चित्रपट कान महोत्सवात गेला, तेव्हा इराण सरकारच्या चित्रपट संस्थेनं फ्रान्सकडे निषेध नोंदवला. २०११ च्या ऑक्टोबरात ट्युनिशियाच्या एका वाहिनीनं तो स्थानिक बोलीत दाखवला. त्यात लहानगी मारजान अल्लाशी गप्पा मारते आणि दाढीवाल्या म्हाताऱ्याच्या रूपात तो पडद्यावर दिसतो. लोक चिडले, वाहिनीच्या मालकाच्या घरावर हल्ला झाला, आणि पुढच्या मे महिन्यात कोर्टानं त्याला २४०० दिनार दंड केला. खरं सांगायचं तर ती पानं वाचताना मीही अस्वस्थ झालो. अल्लाचं चित्र काढणं मला पटत नाही. पण तिचा मामा अनूश याला ज्या रात्री फाशी होते... नाही, मामा नव्हे, काका, वडलांचा भाऊ. मी दरवेळी मामाच म्हणतो, कारण भाचीबरोबर वाचत होतो. तर हा अनूश शाहच्या तुरुंगात नऊ वर्षं काढलेला कम्युनिस्ट. क्रांतीवर त्याचा विश्वास असतो, आणि क्रांतीच त्याला रशियाचा हेर ठरवून मारते. त्या रात्री ती मुलगी अल्लाला खोलीतून चालतं व्हायला सांगते. आपल्यातल्या कुणाच्या घरी मय्यत झाल्यावर असा एक क्षण येऊन गेलेला नाही? आपण तौबा करतो आणि कुणाला सांगत नाही.

आणि मग ती किल्ली. घरकाम करणारी नसरीनबाई एक दिवस प्लॅस्टिकची, सोनेरी रंग दिलेली किल्ली घेऊन येते. तिच्या मुलाला शाळेत दिलेली असते. लढाईवर जाऊन मेलास तर याच किल्लीनं जन्नतचं दार उघडेल, असं सांगून. इराण-इराक युद्ध सप्टेंबर १९८० ते ऑगस्ट १९८८ चाललं. सुरुवात सद्दामनं केली, पाश्चात्त्यांनी त्याला शस्त्रं आणि आणखी बरंच काही पुरवलं, हे मी वर्गात शिकवतो. बसीज दलात अल्पवयीन मुलं भरती करून आघाडीवर पाठवली, हे मी कधी शिकवलं नव्हतं. हे शत्रूंनी उठवलेलं नाही. हातगोळे बांधून रणगाड्याखाली गेलेला हुसेन फहमिदे अवघा तेरा वर्षांचा होता आणि इराणच्या सरकारनंच त्याला राष्ट्रवीर करून पाठ्यपुस्तकात घातला. किल्ल्या गरिबांच्या मुलांना मिळतात, हेही सत्रापी दाखवते. तिच्या नात्यातल्या एका मुलाला त्याच्या वर्गात कुणी किल्ली दिलेली नसते. त्या पानावर वरच्या चौकटीत सुरुंगांवर उडणारी मुलं आहेत, गळ्यात किल्ल्या, नुसत्या काळ्या आकृत्या. खालच्या चौकटीत मारजानची पहिली पार्टी आहे, मुलं तशीच हवेत उडालेली, नाचताना.

ती मुलं माझ्या वयाची होती. मारजान माझ्याहून एक वर्षानं मोठी. १९८४ साली तिला आईवडलांनी एकटीला व्हिएन्नाला पाठवलं, तेव्हा मी सोलापुरात सायकलवरून शाळेत जात होतो, आणि अब्बांच्या कपाटात तो फोटो होता. शाहनं बांधलेला एविनचा तुरुंग क्रांतीनंतरही भरलेलाच राहिला, हे त्या कपाटातल्या कुठल्याच कात्रणात नव्हतं. शिकागोवाल्यांनी एक पान वगळलं म्हणून मी त्यांना हसत होतो. मी तर अख्खं पुस्तक न वाचता परत करायला निघालो होतो.

बहिणीनं ती मेल पाठवली नव्हती. भाचीनं पाठवू दिली नाही. पुढचे तीन रविवार आम्ही दोघांनी फोनवर पानं लावून वाचलं. तेव्हा एक भानगड कळली. तिच्या वर्गात पूर्ण पुस्तक नव्हतं, बाईंनी निवडक प्रकरणांच्या झेरॉक्स दिल्या होत्या. रुमालाचं होतं, किल्लीचं होतं. सियामक-मोहसिनचं नव्हतं. तिनं बाईंना विचारलं, तर वेळ कमी होता म्हणून घेतलं नाही म्हणाल्या. तसंच असेल. पूर्ण पुस्तक शाळेच्या ग्रंथालयात होतं, तिनं ते घरी आणलं.

शेवटी प्रत्येकानं एक चौकट निवडून वर्गासमोर पाच मिनिटं बोलायचं होतं. सगळ्यांना वाटलं ही रुमालाची घेणार. तिनं मारजान इस्त्रीकडे बघते ती चौकट घेतली. आधी फळ्यावर चार सालं लिहिली, १९३६, १९५३, १९५७, १९७९, आणि मग बोलली. १९५३ चं साल वर्गात कुणालाच माहीत नव्हतं. बाईंना होतं, त्या मान हलवत होत्या, असं ती म्हणाली. मग मागच्या बाकावरच्या एका मुलानं हात वर केला. तो चिडवत होता की खरंच विचारत होता, ते तिला अजून ठरवता आलेलं नाही.

"मग तुझा स्कार्फ यातल्या कुठल्या सालातला?"

"२०२१," ती म्हणाली. "सोलापूर, मधला मारुतीजवळचं दुकान. माझ्या मामूनं घेऊन पाठवला."

मला तो घेतल्याचं आठवत होतं, रंग मात्र आठवत नव्हता. तिला विचारला. राखाडी, म्हणाली.